आकाशाला जागा देणारा वास्तुशिल्पकार

पुण्यात गणेशखिंडीच्या विद्यापीठ परिसरात 'आयुका' ही खगोलविज्ञानाची संस्था आहे. १९८८ साली ती स्थापन झाली, डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक-संचालक. तिच्या इमारतींच्या मधोमध पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारे चौकोनी 'कुंड' आहे. त्याच्यावर छप्पर नाही. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे तेथे ऊनपाऊस झेलीत उभे आहेत. ही वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची.

कोरियांचा जन्म १९३० साली सिकंदराबादेस, मूळच्या गोमंतकीय कॅथॉलिक कुटुंबात झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात व पुढे अमेरिकेत शिकून त्यांनी १९५८ साली मुंबईत व्यवसाय आरंभिला. चहूबाजूंनी बंद इमारत बांधावी आणि यंत्राने ती थंड करावी, ही पश्चिमेची रीत तेव्हा आपल्याकडेही प्रतिष्ठा पावत होती. उन्हाळा प्रखर आणि वीज अपुरी असलेल्या देशाला ती परवडणारी नव्हती. यंत्राचे काम इमारतीच्या घडणीनेच करावे, असा मार्ग कोरियांनी धरला.

त्यामागील तत्त्व साधे आहे. तापलेली हवा वर चढते. तिला माथ्यावर वाट ठेवली की खालून थंड हवा आपोआप आत येते. १९६० च्या दशकारंभी अहमदाबादेस अल्प खर्चाच्या अरुंद, लांबट घरात त्यांनी हेच केले. साबरमतीच्या गांधी स्मारक संग्रहालयात (१९६३) खिडक्यांना काचा नाहीत. लाकडी झडपा, कौलारू छपरे आणि मध्ये पाण्याचा चौक आहे.

आपल्या समाजाला अधिक जवळचे उदाहरण दादरचे. तेथील साल्वासांव चर्च, लोकांच्या तोंडी 'पोर्तुगीज चर्च', सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी स्थापिले. त्याची आजची वास्तू कोरियांनी १९७० च्या दशकात उभारली. एका भव्य सभागृहाऐवजी अंगणांना बिलगलेली दालने आणि वर उंच शंकूसारखी छते, अशी तिची ठेवण आहे. छताच्या माथ्यावरून उजेड उतरतो व उष्ण हवा निघून जाते. मिस्सेला जमलेला समुदाय अंगणात सहज सामावतो.

हे ज्ञान परदेशातून आलेले नव्हते. पुण्याच्या वाड्यांतील चौक, वसईच्या घरांची ओटी, गोव्याच्या घरांचे बल्कांव यांत ते पिढ्यानपिढ्या नांदत होते. कोरियांनी त्याला आधुनिक रूप दिले आणि ते श्रीमंतांपुरते राखले नाही. बेलापूरच्या वसाहतीत (१९८० चे दशक) अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांनाही लहानसे अंगण आणि ऐपतीप्रमाणे घर वाढविण्याची मुभा मिळाली.

आज वाडे पडत आहेत. गावोगावी कौले उतरवून स्लॅब घातले जातात आणि मग वातानुकूलनाच्या बिलासाठी वर्गणीचा विचार सुरू होतो. धर्मग्रामाचे नवे सभागृह किंवा आपले घर बांधताना वारा कुठून येतो, दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर पडते, हे दोन प्रश्न आराखड्याआधी विचारले तरी पुष्कळ साधेल. एकदा चुकीच्या दिशेला उभी राहिलेली भिंत पुढच्या दोन पिढ्यांना सोसावी लागते.

१६ जून २०१५ रोजी कोरिया मुंबईत निवर्तले. दोनच दिवसांनी पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. पृथ्वी हे आपणा सर्वांचे सामाईक घर, असे त्यात म्हटले आहे. त्या घराच्या हवापाण्याशी सलोखा राखून बांधावे कसे, याचे धडे कोरिया दगडाविटांत मागे ठेवून गेले.