संडास तुंबला तरी टाकीत माणूस उतरवू नका

पावसाळ्यात मालवण किनाऱ्यावरच्या घरांत संडासाचे पाणी उलटे वर येते, ते का? रेताड जमिनीत भूजल चढते, शोषखड्डा पाणी घेईनासा होतो आणि गाळाने भरलेल्या सेप्टिक टाकीतले पाणी घराकडे परतते. मग टाकीत उतरायला कुणीतरी शोधला जातो.

हे थांबवण्याची धडपड आपल्याकडे जुनी आहे. सिंधुदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यातच होता तेव्हाची, १९३२ सालची गोष्ट. रत्नागिरी तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितले. उच्च जातीचे म्हणून ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अन्न कमी केले. येरवड्यात गांधीजींनीही उपोषण केले. पुढे १९४८ साली अप्पासाहेबांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढला. तिथला ‘गोपुरी संडास’ मैल्याचे खत करी, म्हणजे कुणाला तो डोक्यावर वाहायला नको.

२०१३ च्या कायद्याने सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे गुन्हा ठरवले. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त झाला की वासही कळत नाही, क्षणात शुद्ध जाते. वाचवायला उतरलेलाही दगावतो.

म्हणून पाणी वर आले, तर संडास आणि नळ वापरणे थांबवा, मुलांना दूर ठेवा, उपसा टँकर बोलवा. विहीर जवळ असेल तर पाणी उकळूनच प्या. जुलाब, ताप किंवा कावीळ दिसली तर डॉक्टरांना दाखवा. टाकी दर दोन-तीन वर्षांनी, पावसाळ्यापूर्वी उपसून घ्या.