नगराची निवडणूक : तिथी कोणाची, मत कोणाचे?

इसवी सन १८७३ हे वर्ष दोन घटनांमुळे स्मरणीय आहे. त्या वर्षी ५ जून रोजी ‘लल्ला रूख’ हे जहाज कलकत्त्याहून आणलेल्या करारबद्ध मजुरांसह सूरीनामच्या पारामारिबो बंदरात पोहोचले. त्याच वर्षी मुंबईतील करदात्यांनी आपल्या नगरपालिकेच्या ६४ सभासदांपैकी ३२ सभासद प्रथमच निवडून दिले. मुंबईचा करदाता आपला प्रतिनिधी निवडू लागला होता. पाच वर्षांच्या कराराने बांधलेल्या आपल्या पूर्वजाला मात्र आपण कोणत्या मळ्यावर राबावे, हे ठरविण्याचीही मुभा नव्हती. त्याच्या वंशजांना नेदरलँड्सच्या नगरांत मताचा अधिकार कसा लाभला, हे पाहू गेल्यास नगराची निवडणूक केव्हा व कशी व्हावी, या प्रश्नाचे खरे मोल कळते.

या देशात थोर्बेके यांच्या पुढाकाराने १८५१ साली नगरपरिषदांचा कायदा झाला. त्या वेळी मताधिकार ठराविक कर भरणाऱ्या पुरुषांपुरता होता. १९१७ च्या घटनादुरुस्तीने सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळाले, आणि १९१९ च्या कायद्याने स्त्रियांनाही तो अधिकार प्राप्त झाला. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धतीही याच काळात आली. तिच्या योगे लहान समाजाच्या मतांनाही त्यांच्या प्रमाणात स्थान मिळू लागले. यादीत खाली असलेल्या उमेदवाराला पुरेशी व्यक्तिगत पसंती लाभल्यास तोही निवडून येतो. हेगसारख्या नगरात, जेथे आपली वस्ती मोठी आहे, या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

आता तिथीविषयी. येथे नगरपरिषदेची मुदत चार वर्षांची असून निवडणुकीचा काळ कायद्यानेच ठरलेला आहे. नगराध्यक्षाला वा सत्तारूढ पक्षाला सोयीचा मुहूर्त शोधता येत नाही, की परिषद मध्येच विसर्जित करून नवा कौल मागता येत नाही. हा नियम मोडला तो परकीय सत्तेने. १९४१ साली जर्मन अंमलात परिषदांचे कामकाज बंद पाडण्यात आले, आणि १९३९ नंतरची निवडणूक थेट १९४६ साली झाली. उलट २०२२ साली महामारीची छाया असताही मतदान पुढे ढकलण्यात आले नाही. गर्दी टळावी म्हणून ते १४, १५ व १६ मार्च अशा तीन दिवसांत विभागण्यात आले. त्यानंतर चार वर्षांनी १८ मार्च २०२६ हा दिवस आला, तोही याच क्रमाने.

ही शिस्त सर्वत्र आढळत नाही. मॉरिशस या बेटावर कोकणातून मजुरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही नांदत आहेत. तेथील नगरपालिकांची निवडणूक जून २०१५ नंतर वारंवार लांबणीवर पडून मे २०२५ मध्ये झाली. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. परंतु आरक्षण व प्रभागरचना यांवरील वादांमुळे जानेवारी २०२६ पर्यंत तेथे मतदान होऊ शकले नाही. मधल्या काळात कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. गटार तुंबले, दिवा बंद पडला, तर नागरिकाने ज्याला जाब विचारावा असा निवडलेला माणूसच उरला नाही. निवडणूक लांबते तेव्हा केवळ तिथी सरकते असे नव्हे, तर उत्तरदायित्वही सरकते.

मत कोणाचे, या दुसऱ्या प्रश्नाशी आपला संबंध अधिक जवळचा आहे. सूरीनाममध्ये सार्वत्रिक मताधिकाराने पहिली निवडणूक १९४९ साली, म्हणजे ‘लल्ला रूख’च्या आगमनानंतर ७६ वर्षांनी झाली. २५ नोव्हेंबर १९७५ रोजी तो देश स्वतंत्र झाला. त्यानंतर सूरीनामचे नागरिकत्व घेऊन जे येथे आले, ते कर भरीत होते, मुले शाळेत धाडीत होते. पण नगराच्या कारभारात त्यांना मत नव्हते. १९८३ च्या नव्या घटनेने हे दार उघडले, १९८५ साली कायदा झाला, आणि १९ मार्च १९८६ रोजी परदेशी नागरिकत्व असलेल्या रहिवाशांनी येथील नगरपरिषदांसाठी प्रथमच मतदान केले. अट होती ती पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्याची.

पूर्वजांचा करार पाच वर्षांचा होता, आणि ही अटही पाचच वर्षांची. त्या पाच वर्षांनी मनुष्य मळ्याशी बांधला गेला. या पाच वर्षांनी तो नगराचा घटक झाला. अंतर एवढेच, परंतु ते ओलांडण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

असे असता २०२२ साली या देशातील जवळजवळ निम्मे मतदार घरीच राहिले, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. १९७० पर्यंत येथे मतदानकेंद्रावर उपस्थित राहणे कायद्याने बंधनकारक होते. आता ते बंधन नाही. कर्तव्य मात्र कायम आहे. दर चार वर्षांनी मतपत्रिकेचे बोलावणे न मागता आपल्या दारी येते. ज्यांना कोणी काही विचारलेच नाही, त्या पूर्वजांचे स्मरण ठेवून आपण त्या बोलावण्याचा मान राखावा, हेच उचित होय.