‘संचार’ आणि ‘अंमल’ : एका अर्थविभागणीचा इतिहास

इंग्रजीतील ‘स्वे’ हा शब्द वाकणे, झुलणे या क्रियांपासून सत्ता व प्रभाव या अर्थांपर्यंत पोहोचला. वाऱ्याने झाड डोलते आणि राजाच्या सत्तेखाली प्रदेश येतो, या दोन्ही गोष्टी तो एकटाच व्यक्त करतो. मराठीत त्याला एक प्रतिशब्द नाही. ही शब्दकोशातील उणीव मानण्याचे कारण नाही. या विभागणीला इतिहास आहे आणि 2023 मध्ये अधिकृतपणे धाराशिव हे नाव मिळालेल्या उस्मानाबाद जिल्ह्यात तो विशेष स्पष्ट दिसतो.

तुळजापूरच्या भवानीची मूर्ती चल आहे. निद्राकाळात ती सिंहासनावरून पलंगावर नेली जाते आणि दसऱ्याला पालखीतून सीमोल्लंघन करते. संबळाच्या ठेक्यावर एखादा भक्त घुमू लागला की ‘अंगात संचार झाला’, ‘वारे आले’ असे म्हटले जाते. ‘संचार’ म्हणजे हिंडणे, आणि तोच शब्द येथे दैवी प्रभावाचा वाचक होतो. मात्र हा प्रभाव येतो तसा ओसरतो. शिवाय तो ज्याच्या अंगात येतो, त्याच्या वाणीला काही काळ अधिकार देतो.

सत्तेसाठी रूढ झालेला ‘अंमल’ मूळचा अरबी असून त्याचा मूळ अर्थ कृती. मराठीत तो राज्य, कार्यवाही आणि नशेचा परिणाम अशा तिन्ही अर्थांनी वावरतो. सप्टेंबर 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या अंमलाखाली होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अंमल आणि संचार यांतील अंतर पुढे ‘संचारबंदी’ या शब्दाने उघड केले: अंमल संचार थांबवू शकतो.

मराठी समीक्षेने मात्र ‘प्रभाव’ हा एकच शब्द स्वीकारला. सामर्थ्य व तेज सुचवणारा हा शब्द अंमलाच्या बाजूला झुकतो. त्यामुळे प्रभाव स्वीकारणारा लेखक नकळत प्रजेच्या जागी बसतो. मराठवाड्यातील मराठी आणि उर्दू यांचा संबंध या एका शब्दात मावत नाही. कचेरीच्या दप्तरातून लादलेली परिभाषा हा अंमल होता, तर बाजारात नि घरात बोलता बोलता रुळलेले शब्द हा संचार. एकाच भाषेने दोन्ही गोष्टी केल्या. म्हणून प्रभावाचा निर्णय देण्यापूर्वी, स्वीकारणाऱ्याच्या वाणीला त्याने बळ दिले की तिची वाट अडवली, हे तपासणे आवश्यक ठरते.