क्रोमियमचं सँडविच आणि मागे राहिलेलं एक नाव

आज राजकारण नाही, पाणीटंचाई नाही. आज एका रसायनाची गोष्ट. विज्ञान सोडून वीस-पंचवीस वर्षं झालेल्यांनाही कळेल अशी लिहितोय. श्रेय कुणाचं, हा प्रश्न त्यात आहे आणि तो आपल्या रोजच्या ओळखीचा आहे.

साल 1919. जर्मनीतल्या लाइपझिगला फ्रान्झ हाइन यांनी क्रोमियम क्लोराइडवर फेनिल मॅग्नेशियम ब्रोमाइडची क्रिया केली. नारिंगी क्षार मिळाले. हिशोब मांडला तर एका क्रोमियममागे कुठे तीन, कुठे चार, कुठे पाच फेनिल गट निघाले. हे गट एकेक करून क्रोमियमला जोडलेत, असं त्यांनी मानलं. त्या काळात दुसरं काही सुचण्यासारखंही नव्हतं.

पण गोची होती. गट तीन असोत की पाच, पदार्थांचा रंग सारखाच. पुढे चुंबकीय मोजमाप झालं, तर तेही सारखंच! सूत्रं बरोबर असती तर फरक दिसायला हवा होता. तीस-पस्तीस वर्षं हे कोडं तसंच पडून राहिलं.

मग 1951 मध्ये फेरोसीन जाहीर झालं. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये विल्किन्सन-वुडवर्ड आणि म्युनिकमध्ये अर्न्स्ट ओटो फिशर यांनी त्याची रचना ओळखली. पाच कार्बनची दोन कडी आणि मधोमध लोखंड. म्हणून नाव पडलं सँडविच.

फिशर यांना पुढचा प्रश्न पडला : सहा कार्बनचं साधं बेंझिन घेऊन असं सँडविच होईल का? 1955 मध्ये त्यांनी आणि वाल्टर हाफनर यांनी ते करून दाखवलं. शाळेत शिकलेलं क्षपण आठवतंय? इलेक्ट्रॉन मिळणं म्हणजे क्षपण. क्रोमियम क्लोराइडमधल्या क्रोमियमवर तीन धन प्रभार असतात. बेंझिनसोबत ॲल्युमिनियमची भुकटी आणि ॲल्युमिनियम क्लोराइड घालून तापवलं. ॲल्युमिनियमने इलेक्ट्रॉन दिले, प्रभार तीनवरून एकवर आला आणि क्रोमियम दोन बेंझिन कड्यांमध्ये बसलं. उरलेला एक प्रभार सोडियम डायथायोनाइटने काढला. आपल्याकडे गूळ पिवळा दिसावा म्हणून काही गुऱ्हाळांत टाकतात, ती हायड्रॉस पावडर म्हणजे हेच. हाती आले काळपट तपकिरी स्फटिक. क्रोमियमचे सहा इलेक्ट्रॉन, दोन कड्यांचे सहा-सहा, एकूण अठरा. हिशोब चोख बसला.

इकडे अमेरिकेत येल विद्यापीठात झाइस आणि त्सुत्सुई यांनी हाइन यांचे जुने पदार्थ पुन्हा हातात घेतले. ते फोडले तर बेंझिन आणि बायफेनिल निघालं. बायफेनिल म्हणजे दोन फेनिल एकमेकांना जोडलेले. म्हणजे 1919 च्या त्या भांड्यातही क्षपणच झालं होतं आणि सँडविचच तयार झालं होतं! सगळ्यांत क्रोमियमवर एकच प्रभार, म्हणून रंग आणि चुंबकत्व सारखं. 'पाचवा' गट तर फिनॉलच्या रूपात बाहेर राहिलेला होता.

1973 चं नोबेल फिशर आणि विल्किन्सन यांना मिळालं. हाइन तेव्हा हयात होते. त्यांचं नाव त्यात नव्हतं.

अन्याय झाला का? मला तसं सरळ म्हणता येत नाही. पदार्थ हातात असणं वेगळं आणि तो काय आहे हे ओळखणं वेगळं. फिशर यांनी ओळखलं आणि ठरवून बनवलं. पण हाइन यांनी सूत्राला सोयीचे आकडे लिहिले असते, तर येलच्या माणसांना सोडवायला कोडंच उरलं नसतं. त्यांचा अर्थ चुकला, नोंद खरी राहिली.

बातमीदारीत आणि सरकारी दप्तरातही मला हेच महत्त्वाचं वाटतं. पंचनाम्यावरून काढलेला निष्कर्ष उद्या दुसरा कुणी दुरुस्त करू शकतो. पंचनामाच खोटा असेल तर दुरुस्त करणार कशावरून?

तुम्हाला काय वाटतं, त्या नोबेलमध्ये तिसरं नाव हवं होतं का?