वीज गेल्यावर घरातला समुद्र कसा वाचवावा?

अहमदपूर - दुपारभर तापलेल्या आकाशात वळवाचे ढग जमतात, वारा सुटतो, शिवारात कुठेतरी खांब वाकतो आणि वीज जाते. मराठवाड्याला याचे नावीन्य नाही. पंखा थांबतो, माणसे ओट्यावर येऊन बसतात आणि वीज येण्याची वाट पाहतात. ज्या घरात खाऱ्या पाण्याचे प्रवाळ-मत्स्यालय आहे, तेथे मात्र असे वाट पाहत बसणे परवडत नाही. टाकीतला पंप थांबला, की त्या क्षणापासून आतल्या जीवांचे घड्याळ सुरू होते.

अहमदपूरपासून कोकणचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुंबईत 1951 साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले, तेव्हा समुद्र हाकेच्या अंतरावर होता. मराठवाड्यात समुद्राचे पाणी घरीच तयार करावे लागते. आरओ यंत्रातून काढलेल्या शुद्ध पाण्यात प्रति लिटर सुमारे 35 ग्रॅम सागरी क्षारांचे मिश्रण विरघळवून ते तयार होते. त्यात सजीव जीवाणूंनी वसलेले सच्छिद्र खडक, क्लाऊनफिशसारखे मासे, कोळंबी, समुद्रफुले आणि मऊ प्रवाळ नांदतात. लाटांचे काम पंप करतो, सूर्याचे काम दिवा आणि वाऱ्याचे काम हवेचा पंप. ही तिन्ही कामे विजेवर चालतात.

येथे एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. प्रवाळखडक रचणारे सर्व दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आहे. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून काढलेले असे जीव घरात ठेवणे हा गुन्हा ठरतो. विक्रेता काहीही सांगो, जीव कोठून आला हे कागदोपत्री पाहूनच घ्यावा. क्लाऊनफिशची पैदास बंदिस्त टाक्यांत करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे, त्यामुळे हौशी माणसाला समुद्र न ओरबाडताही हा छंद जोपासता येतो.

भारनियमन गेले, धोका राहिला

2005 साली वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आले, त्याच सुमारास राज्यात भारनियमनाने उग्र रूप धारण केले होते. ज्या वाहिनीवर गळती जास्त आणि वसुली कमी, तेथे अंधाराचे तास जास्त, असा तो हिशेब होता. मराठवाड्यातील लहान शहरांच्या वाट्याला त्यातला मोठा भाग आला. पण त्या काळात एक सोय होती. वीज कधी जाणार आणि कधी येणार, याचे वेळापत्रक लोकांना पाठ असे. 2012 नंतर ते वेळापत्रकी भारनियमन बहुतांश भागातून ओसरले. आता वीज जाते ती वादळाने, रोहित्र जळाल्याने किंवा देखभालीच्या कामासाठी. पूर्वसूचना न देता गेलेली वीज मत्स्यालयाला अधिक घातक असते. मोठ्या शहरांनीही निर्धास्त राहण्याचे कारण नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबई महानगराचा वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा लोकल गाड्याही जागच्या जागी थांबल्या होत्या.

मरण येते ते प्राणवायूच्या अभावाने

वीज गेल्यावर हौशी मत्स्यपालकाच्या मनात पहिली भीती येते ती दिव्याची. प्रवाळ प्रकाशावर जगतात हे त्याने वाचलेले असते. म्हणून इन्व्हर्टरवर सर्वांत आधी दिवा जोडला जातो. पाहुण्यांना टाकी दिसत राहते, हा त्यातला आणखी एक मोह. प्रत्यक्षात निरोगी प्रवाळ दोन-तीन दिवस अंधारात राहिले तरी सहसा त्यांचे बिघडत नाही. शेवाळाचा उपद्रव झाला, तर अनेक जण मुद्दाम तीन दिवस दिवे बंद ठेवतात.

खरी निकड असते प्राणवायूची. खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा मुळातच कमी विरघळतो आणि पाणी तापत जाते तसे हे प्रमाण आणखी घटते. 25 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. समुद्राच्या पाण्यात तो पावणेसात मिलिग्रॅमच मावतो. पाणी 30 अंशांवर गेले, की हा आकडा सव्वासहाच्या आसपास येतो. त्याच वेळी उष्णतेमुळे माशांचा श्वास वाढलेला असतो. म्हणजे मे महिन्यात जमा घटते आणि खर्च वाढतो.

हा प्राणवायू पाण्यात शिरतो तो केवळ पृष्ठभागावरून. पंप चालू असताना तळाचे पाणी वर येत राहते व हवेशी त्याची गाठ पडते. पंप थांबला, की वरचा पातळ थर तेवढा ताजा राहतो आणि खाली मासे, कोळंबी, प्रवाळ व खडकांतले अब्जावधी जीवाणू शिल्लक साठा संपवत राहतात. दिवसा प्रवाळांच्या शरीरातील सूक्ष्म शैवाल प्रकाशाच्या साहाय्याने थोडा प्राणवायू निर्माण करते. रात्री तेच शैवाल प्राणवायू घेऊ लागते. त्यामुळे मध्यरात्री गेलेली वीज दुपारी गेलेल्या विजेपेक्षा वाईट आणि पहाटेची वेळ सर्वांत कसोटीची. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, कल्ले जलद हलू लागले, म्हणजे उशीर झाला आहे असे समजावे. ही वेळ किती तासांत येईल, हे माशांची संख्या, टाकीचा आकार आणि उष्णता यांवर अवलंबून असते. माशांनी गजबजलेल्या लहान टाकीत दोन-तीन तासही पुरतात.

उपाय स्वस्त आहे. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप मत्स्यालयाच्या साहित्याच्या दुकानांत सहज मिळतो. वीज जाताच आपोआप सुरू होणारा, अंगची बॅटरी असलेला प्रकार घेतल्यास घरी कोणी नसतानाही काम भागते. तोही नसेल तर टाकीचे झाकण काढावे आणि स्वच्छ, साबण न लागलेल्या मगाने पाणी काढून वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतत राहावे. दर दहा-पंधरा मिनिटांनी काही मिनिटे एवढे केले तरी जीव तगतात. घरातल्या मुलांना हे काम आवडते, हा अनुभव आहे. खाद्य मात्र पूर्ण बंद ठेवावे. उपाशी मासा काही दिवस सहज काढतो. न खाल्लेले खाद्य कुजताना उरलासुरला प्राणवायू संपवते.

इन्व्हर्टरचा हिशेब

मराठवाड्यात बहुतेक मध्यमवर्गीय घरांत इन्व्हर्टर आहे. प्रश्न असतो तो त्यावर काय जोडावे याचा. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. बॅटरीचे आयुष्य राखायचे तर तिचा निम्माच भाग वापरावा. त्यातून इन्व्हर्टरमधील घट वजा केली, की हाती सातशेच्या आसपास वॅट-तास उरतात. पाणी फिरवणारा 15 वॅटचा पंप आणि 5 वॅटचा हवेचा पंप एवढेच जोडले, तर इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरूनही वीस तासांच्या आसपास निभाव लागतो. त्याच बॅटरीवर 200 वॅटचा हीटर किंवा लहान चिलर लावला, तर साडेतीन तासांत सारे संपते. घरातील पंखे व दूरचित्रवाणी संच त्याच बॅटरीवर असतील, तर हा हिशेब आणखी आखडतो. म्हणून शक्य असल्यास टाकीसाठी वेगळी, छोटी व्यवस्था ठेवावी.

इन्व्हर्टर घेताना 'साईन वेव्ह' प्रकाराचाच घ्यावा. जुन्या, स्वस्त 'स्क्वेअर वेव्ह' इन्व्हर्टरवर पंपाची मोटर गुणगुणते, तापते आणि कधी जळते. जनित्र असेल तर ते नेहमी घराबाहेर, उघड्यावर ठेवावे. बंद खोलीत किंवा जिन्याखाली चालवलेल्या जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड माणसांचा जीव घेतो.

जनित्र आहे म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे ऑगस्ट 2005 मध्ये कतरिना चक्रीवादळ आले, तेव्हा तेथील मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयाची इमारत वादळातून जवळपास सुखरूप राहिली होती. जनित्रही होते. पण शहरातील परिस्थिती बिघडल्याने कर्मचाऱ्यांना बाहेर पडावे लागले, पुढे जनित्र बंद पडले आणि सुमारे दहा हजार जलचरांपैकी बहुतांश मेले. आपल्या घरात ही वेळ लग्नसराईत येते. सगळे कुटुंब दोन दिवस परगावी आणि टाकीकडे पाहणारे कोणी नाही. शेजाऱ्याला किल्ली देताना हवेचा पंप कसा सुरू करायचा, हे हाताने करून दाखवावे आणि एका कागदावर लिहून टाकीला चिकटवावे.

उष्णता, थंडी आणि बर्फाची बाटली

प्राणवायूनंतर क्रम लागतो तापमानाचा. प्रवाळांना साधारणतः 24 ते 27 अंश मानवते. लातूर-नांदेड पट्ट्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे चिलर थांबल्यावर पाणी हळूहळू खोलीच्या तापमानाकडे सरकू लागते. टाकी जितकी मोठी, तितकी ती सावकाश तापते. छोट्या टाकीने काटकसर होते हा समज येथे उलटा ठरतो. खिडक्यांचे पडदे ओढावेत, झाकण काढावे आणि इन्व्हर्टरवरचा एक पंखा पाण्याच्या पृष्ठभागाकडे वळवावा. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरू शकते. दमट मुंबईत हाच उपाय तितका लागू पडत नाही. उडून जाते ते निव्वळ गोडे पाणी, म्हणून भर घालताना आरओचे साधे पाणी घालावे. खारे घातले तर क्षारता चढत जाते.

उन्हाळाभर फ्रीजरमध्ये पाण्याच्या तीन-चार बंद बाटल्या ठेवाव्यात. दोनशे लिटरच्या टाकीत एक लिटर बर्फाची बाटली तरंगत ठेवली, तर ती पूर्ण वितळेपर्यंत पाणी सुमारे अर्ध्या अंशाने उतरते. बर्फ थेट पाण्यात टाकू नये. त्याने क्षारता घटते. तासाला एका अंशाहून अधिक बदलही करू नये, कारण अचानक गारवा उष्णतेइतकाच त्रासदायक असतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री प्रश्न उलटा होतो. तेव्हा टाकीच्या बाजू गोधडीने गुंडाळाव्यात, वरचा भाग मात्र हवेसाठी मोकळा ठेवावा.

वीज परत येते तेव्हा

बरेच नुकसान वीज आल्यानंतर होते, ही गोष्ट नवख्यांना खरी वाटत नाही. अनेक टाक्यांखाली गाळणयंत्रांची दुसरी टाकी असते. तिला 'संप' म्हणतात. गंमत म्हणजे पंप बंद पडला, की या संपाचे काम वाढते. वरच्या टाकीतले पाणी नळीतून उलटे खाली उतरते आणि संपात तेवढी मोकळी जागा नसेल तर ते दिवाणखान्यात पसरते. खारे पाणी आणि जमिनीवर पडलेले विजेचे बोर्ड यांची गाठ पडली, तर प्रश्न माशांपुरता राहत नाही. परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत बारीक छिद्र ठेवल्यास हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. ते छिद्र क्षारांनी बुजते, म्हणून महिन्यातून एकदा साफ करावे. टाकी बसवल्याच्या दिवशीच पंप मुद्दाम बंद करून पाणी कोठपर्यंत चढते हे पाहून घ्यावे. गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी बसवून घेणे आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळासारखी लोंबती ठेवणे, म्हणजे ओघळ प्लगमध्ये न शिरता जमिनीवर पडतो, या दोन्ही गोष्टींना पर्याय नाही.

पुरवठा सुरू होताच पहिली काही मिनिटे विजेचा दाब वर-खाली होतो. त्यामुळे पाच-दहा मिनिटे थांबून आधी पाणी फिरवणारे पंप, मग हीटर किंवा चिलर आणि शेवटी दिवा, अशा क्रमाने उपकरणे लावावीत. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला असेल, तर तो तसाच सुरू करू नये. आतील जीवाणू प्राणवायूअभावी मेलेले असतात आणि त्या डब्यातले दुर्गंधीयुक्त, विषारी पाणी थेट टाकीत येते. डबा उघडून ते पाणी फेकावे, आतील स्पंज टाकीतल्याच पाण्यात खंगाळावा. प्रोटीन स्किमर सुरुवातीला फेस ओतू लागतो, त्याचा पेला काही तास उघडा ठेवून लक्ष ठेवावे. मेलेला जीव दिसल्यास लगेच बाहेर काढावा, अमोनियाची चाचणी करावी आणि तो आढळल्यास पाचवा हिस्सा पाणी बदलावे.

त्यासाठी मिसळलेले खारे पाणी आधीच साठवलेले हवे. आरओ यंत्रालाही वीज आणि नळाला पाणी लागते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे या जिल्ह्यातील वाचकांना सांगण्याची गरज नाही. झाकणाच्या पिंपात चाळीस-पन्नास लिटर तयार पाणी भरून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे, महिन्यातून एकदा त्यात हवेचा पंप सोडून ढवळून घ्यावे आणि त्याच दिवशी बॅटरीचा पंपही तासभर चालवून पाहावा.