‘पुनश्च हरिः ॐ’ : एका मथळ्याचा अर्थ

मंडळी, ग्रंथाच्या किंवा लेखाच्या नावातच ‘नव्याने आरंभ’ येतो, तेव्हा तो आरंभ दर वेळी एकाच जातीचा असतो का? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही नेहमी बेकनचं उदाहरण देत असू. १६२० साली त्याने आपल्या ग्रंथाला ‘नोव्हम ऑर्गनम’ म्हटलं. ॲरिस्टॉटलच्या तर्कग्रंथांचं नाव ‘ऑर्गनॉन’; त्याच्या जागी हा नवा. म्हणजे आधी पाटी पुसायची, मग लिहायचं. (गंमत अशी, की जे पुसायचं तेच नावात राहिलं!)

आता पुण्यात येऊ. ४ जुलै १८९९, मंगळवार. ‘केसरी’ची सूत्रं पुन्हा हाती घेताना टिळकांनी अग्रलेखाला मथळा दिला, ‘पुनश्च हरिः ॐ’. आपण याचा अर्थ सर्रास ‘नवी सुरुवात’ असा करतो. २०२०च्या जूनमध्ये टाळेबंदी सैल होताना हेच शब्द आपण सगळ्यांनी ऐकले. दुकानं उघडायला ते शोभलेही. पण मूळ संदर्भ बघा.

वेदपठणाला बसताना ‘हरिः ॐ’ म्हणतात. ‘पुनश्च’ म्हटलं की पठण मध्ये थांबलं होतं, एवढंच कबूल होतं. पाठ तोच, पाटी पुसलेली नाही.

आणि थांबवलं कुणी होतं? १८९७च्या सप्टेंबरात राजद्रोहाबद्दल टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुष्कळांना वाटतं, ती ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या अग्रलेखामुळे. तसं नाही; आरोप होता तो १५ जूनच्या अंकातल्या शिवाजी-उत्सवाच्या वृत्तांतावर आणि कवितेवर. वर्षभराने सुटका झाली ती अटीवर : पुन्हा राजद्रोह शाबीत झाला, तर माफ केलेले सहा महिनेही भोगावे लागतील.

त्या सहा महिन्यांची टांगती तलवार डोक्यावर असताना हा मथळा लिहिला गेला. ज्या पत्रातल्या मजकुरासाठी शिक्षा झाली, त्याच पत्रात परत येऊन माणूस काय म्हणतो? ‘चुकलो’ नाही, ‘आता वेगळं लिहीन’ही नाही. तो नुसता पाठ पुढे चालू करतो. सरकारच्या दृष्टीने शिक्षा म्हणजे अद्दल. या तीन शब्दांत तिची किंमत पठणातल्या खंडाएवढीच उरते. आम्हाला तरी बेकनच्या आरंभापेक्षा हा आरंभ अवघड वाटतो. कारण पाटी पुसणाऱ्याला मागच्या अक्षरांचा जाब कुणी विचारत नाही. इथे तो जाब सही करून घेतलेला होता.

१९०८ साली तसा खटला पुन्हा झालाच. मंडालेचं आपण पुढच्या व्याख्यानात बघू.