यंत्राचा रकीब

"सर, माझ्या मीटरला आरटीओचं सील आहे. त्या मशीनला कोणाचं आहे?"

हा प्रश्न विचारणारे गृहस्थ आमच्या धायरीत रिक्षा चालवतात. थोरला मुलगा मित्रांबरोबर गोव्याला गेला आणि पगारातला मोठा हिस्सा पणजीच्या एका कॅसिनोत ठेवून आला. मी शिक्षकी सवयीनं म्हणालो, "जुगार हराम आहे, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे." ते म्हणाले, "ते आहेच, सर. मी मोजमापाचं विचारतोय. भाजीवालीच्या काट्यावर शिक्का असतो, पेट्रोल पंपावर असतो. या मशीनचा हिशेब कोण बघतं?"

प्रश्न रास्त आहे, आणि वाटतो त्यापेक्षा खूप जुना आहे.

उर्दू गझल वाचणाऱ्यांना 'रकीब' हा शब्द माहीत असतो. प्रेमातला प्रतिस्पर्धी, माशुकाच्या गल्लीत आपल्या आधी पोचलेला. पण अरबीत त्याचा मूळ अर्थ नजर ठेवणारा, राखणदार असा आहे. इस्लामपूर्व अरबांमध्ये 'मैसिर' नावाचा जुगार चाले. उंट कापायचा, त्याच्या मांसाचे वाटे करायचे आणि कुणाला किती मिळणार हे बाण काढून ठरवायचं. बाण दहा. सात बाणांवर एकपासून सातपर्यंत वाटे, तीन कोरे. बाण काढणाऱ्याच्या हाताला कापड गुंडाळत, म्हणजे चाचपून बाण ओळखता येऊ नये. आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस उभा राही. त्याचं नाव रकीब. (दहांपैकी एका बाणाचंही हेच नाव होतं.) जिंकलेलं मांस बहुधा गरिबांत वाटून टाकत. एवढी चोख देखरेख आणि वर दानधर्म असूनही कुरआननं मैसिरला दारूच्या जोडीला बसवून मनाई केली. तेव्हा पुढे जे लिहितोय त्यातून कुणी असा अर्थ काढू नये की हिशेब चोख असला की जुगार चांगला. माझा विषय वेगळा आहे. जे सरकार जुगाराला परवाना देतं, त्याच्यावर रकीब नेमण्याची जबाबदारी येते की नाही?

आपल्या मुंबईचंच उदाहरण घेऊ. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होताना लागलेले भाव टेलिप्रिंटरवर मुंबईच्या कापूस बाजारात यायचे. त्या आकड्यांवर लोक पैज लावत. यात एक गंमत होती. आकडा सात समुद्रांपलीकडून, भलत्याच कामासाठी येत होता. मुंबईतल्या बुकीला तो बदलता येत नव्हता. टेलिप्रिंटरची तार हीच त्या खेळाची रकीब होती. १९६१ मध्ये न्यूयॉर्कनं ते भाव पाठवणं थांबवलं आणि तार मुकी झाली. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगतनं आणि १९६४ मध्ये रतन खत्रीनं आपापले आकडे काढायला सुरुवात केली. कराचीहून फाळणीनंतर आलेला हा सिंधी माणूस पुढे 'मटका किंग' म्हणून ओळखला गेला.

मटक्याची भाषा मात्र बघण्यासारखी आहे. तीन पत्ते निघतात, समजा ३, ६ आणि ८. हा 'पाना' ३६८. बेरीज १७, तिचा शेवटचा अंक ७, तो 'ओपन'. काही तासांनी पुन्हा तीन पत्ते, त्यांचा 'क्लोज' समजा २ आला. 'जोडी' झाली ७२. मुंबईत आकडा फुटला की फोनवरून गावोगाव जायचा आणि कुठल्याही टपरीवरच्या माणसाला तो समजायचा. ही परिभाषा कुणाच्या मालकीची नव्हती. पोलिसांनाही ती येत होती, आणि चिठ्ठी सापडली की पुरावा म्हणून वाचता येत होती. धंदा बेकायदा, पण भाषा उघडी. आकडा काढणारा मात्र आता एकच माणूस होता, आणि त्याच्यावर उभा राहणारा रकीब म्हणजे लोकांचा भरवसा, एवढंच.

आता १९७६ सालाकडे या. आणीबाणी चालू होती, खत्री तुरुंगात होता. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळानं कॅसिनो नियंत्रण आणि कर कायदा मंजूर केला. तो अमलात आणण्याची अधिसूचना कधीच निघाली नाही. सत्तेचाळीस वर्षं कायदा कागदावर पडून राहिला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्याच १९७६ मध्ये गोवा, दमण आणि दीवचा सार्वजनिक जुगार कायदा झाला. तो जुगार बंद करणारा कायदा होता. पुढे त्याच्यातूनच कॅसिनोला वाट मिळाली, तिकडे नंतर येतो.

आणि तिसरी गोष्ट, तीही १९७६ ची. अमेरिकेत लास वेगासच्या स्टारडस्ट कॅसिनोवर नेवाडा राज्याच्या गेमिंग कंट्रोल बोर्डानं धाड घातली. तेव्हा स्लॉट मशीनमध्ये खरी नाणी पडत. इतकी नाणी हातानं कोण मोजणार? ती तराजूवर घालून वजनावरून मोजत. स्टारडस्टमध्ये तराजूच कमी वजन दाखवेल असा करून ठेवला होता. हिशेबात आलेले पैसे आणि खरे पैसे यांतला फरक गुन्हेगारी टोळ्यांकडे जात होता. यंत्र खरं बोलत होतं, काटा खोटा होता. आमच्या रिक्षावाल्या मित्राला हे सांगितलं तेव्हा ते मोठ्यानं हसले. "म्हणजे भाजीवालीचाच प्रकार!"

नाणी मोजण्याच्या भानगडीतून सुटायचं तर यंत्रानं आपला हिशेब स्वतःच सांगायला हवा. प्रत्येक स्लॉट मशीनच्या पोटात मोजणारे आकडे असतात, त्यांना मीटरच म्हणतात: किती पैसे लागले, किती परत दिले, किती डाव झाले. पूर्वी माणूस वही घेऊन एकेका यंत्राचं मीटर वाचत फिरायचा, महावितरणचा माणूस जिन्याखाली येतो तसा. मग यंत्रांना तारा जोडल्या गेल्या. १९८६ मध्ये आयजीटी या कंपनीनं नेवाडात 'मेगाबक्स' सुरू केलं. वेगवेगळ्या कॅसिनोंतली यंत्रं एकाच वाढत्या बक्षिसाला जोडलेली. पण तार जोडली म्हणजे संभाषण होतंच असं नाही. दर कंपनीच्या यंत्राची बोली वेगळी. एका कंपनीची यंत्रं घेतली की हिशेबाचा संगणकही त्याच बोलीचा घ्यावा लागे.

यातून आयजीटीचीच एक बोली पुढे गेली, 'स्लॉट अकाउंटिंग सिस्टिम', थोडक्यात 'सॅस'. ती कशी चालते हे मला फार ओळखीचं वाटलं, कारण ती वर्गातली हजेरी आहे. एका तारेवरच्या यंत्रांना १ ते १२७ असे रोल नंबर. मध्यवर्ती संगणक एकेकाचा नंबर पुकारतो, बाकीचे गप्प. ज्याचा नंबर आला त्यानं काही घडलं असेल तर सांगायचं, तेही आकड्यात. यंत्राचं दार उघडलं तर संकेत ११, बंद झालं तर १२. वेग सेकंदाला १९,२०० बिट, म्हणजे आजच्या मोबाइलपुढे बैलगाडी. पण गाडी दणकट होती. दुसऱ्या कंपन्यांनाही ती आपल्या यंत्रांत घालावी लागली आणि जगभरच्या कॅसिनोंत ती आजही बोलली जाते.

अडचण अशी की बोली सगळ्यांची झाली, मालकी एकाचीच राहिली. व्याकरण कधी बदलायचं, कुणाला शिकवायचं, हे एका कारखानदाराच्या हाती. म्हणून १९९८ मध्ये यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांची एक संघटना झाली. पुढे तिचं नाव गेमिंग स्टँडर्ड्स असोसिएशन झालं. स्पर्धक कंपन्या एका टेबलाशी बसल्या आणि त्यांनी एक सामाईक भाषा ठरवली. यंत्रानं हिशेबाच्या संगणकाशी कसं बोलायचं त्यासाठी 'जीटूएस', आणि संगणकांनी आपापसात कसं बोलायचं त्यासाठी 'एसटूएस'. जीटूएसचे निरोप साध्या मजकुरासारखे, खुणेच्या शब्दांनी बांधलेले असतात. जाणकार माणूस ते डोळ्यांनी वाचू शकतो. निरोप कुलूपबंद होऊन साध्या संगणकी जाळ्यावरून जातात. इथे यंत्राला नंबर पुकारण्याची वाटही बघावी लागत नाही, वर्गातल्या पोरासारखं ते स्वतः हात वर करतं.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती दुसरीच सोय. जीटूएसमध्ये एका यंत्राशी एकाच वेळी अनेक संगणक बोलू शकतात, आणि प्रत्येकाचा अधिकार वेगळा. यंत्राच्या एखाद्या भागाचा एक संगणक 'मालक' असतो, तो हुकूम देतो. दुसरे 'पाहुणे' असतात. त्यांना ऐकता येतं, मीटर वाचता येतं, हुकूम देता येत नाही. हा पाहुणा सरकारचा असू शकतो. अरबांच्या बाणवाल्याशेजारी उभा असलेला तोच माणूस, फक्त तारेच्या रूपात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यानं तर कंपन्यांची वाट न बघता स्वतःच 'क्यूकॉम' नावाची भाषा लिहिली आणि यंत्र आमच्या राज्यात आणायचं तर ते हीच बोलेल, असं ठरवून टाकलं. सरकारनं असं ताठ उभं राहिलेलं मला आवडतं.

तार आली म्हणून सगळं साधलं असंही नाही. नेवाडाच्या त्याच कंट्रोल बोर्डात रॉन हॅरिस नावाचा संगणकतज्ज्ञ नोकरीला होता. यंत्रांची तपासणी हेच त्याचं काम. त्यानंच यंत्रांच्या चिपमध्ये फेरफार करून ठेवले आणि १९९५ मध्ये तो पकडला गेला. कुंपणानंच शेत खाल्लं. शिवाय तार दोन्ही बाजूंनी वाहते. ज्या तारेवरून हिशेब बाहेर येतो त्याच तारेवरून यंत्र बंद करता येतं, त्यातला खेळ बदलता येतो, कोणता गिऱ्हाईक किती वेळ बसला याची नोंद ठेवता येते. ती नोंद त्याला थांबवण्यासाठी वापरायची की पुन्हा बोलावण्यासाठी, हे भाषा ठरवत नाही. आणि खेळणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर मीटर शंभर टक्के खरं असलं तरी गणित घराच्याच बाजूचं. यंत्राला फसवायची गरजच पडत नाही, सरळ चालूनच ते जिंकतं. मुलाच्या वडिलांना मी हे सांगितलं, तेव्हा मात्र ते हसले नाहीत.

आता गोवा. १९९२ मध्ये तिथल्या जुगारबंदी कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक करमणुकीच्या खेळांना आणि स्लॉट मशीनला परवानगी दिली गेली. १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरचे खेळही चालतील असं ठरलं, आणि मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या. या दोन दुरुस्त्यांमुळे एक विचित्र फरक पडला. जहाजावर जिवंत माणूस पत्ते वाटू शकतो, जमिनीवरच्या हॉटेलात खेळ इलेक्ट्रॉनिकच हवा. म्हणून हॉटेलांत रूलेटसुद्धा यंत्राचं आलं. म्हणजे ज्या यंत्राच्या पोटात सगळा हिशेब आयता असतो, त्यालाच कायद्यानं सक्तीचं केलं.

आणि तरी सरकार पैसे कसे मोजतं? बोटीचं वार्षिक परवाना शुल्क तिच्यावर किती माणसं मावतात त्यावर ठरतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रानं २८ टक्के जीएसटी लावला, तो खिडकीवर विकत घेतलेल्या चिपांच्या पूर्ण किमतीवर. म्हणजे एक मोजणी दारातली, दुसरी खिडकीतली. यंत्र काय म्हणतं हे विचारण्याची गरज दोन्हींत पडत नाही. ज्याला समोरच्याची भाषा येत नाही तो माणूस बोटं मोजून व्यवहार करतो, तसंच हे.

गोव्यात २०१२ च्या दुरुस्तीनं गेमिंग कमिशनरचं पद आलं आणि ते भरायला २०२० उजाडलं. त्याच वर्षी १ फेब्रुवारीपासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी झाली. आपल्या माणसांना आत सोडायचं नाही एवढं त्या सरकारला वाटलं, हे बरंच आहे. पण धायरीचा, सांगलीचा, बेळगावचा पोरगा आत जातो. त्याच्यासाठी परवान्यात एक अट घालता येईल: यंत्र खुल्या भाषेत बोलणारं हवं, त्या तारेवर सरकारचा एक ऐकणारा पाहुणा हवा, आणि दर यंत्रात लागलेले व परत दिलेले पैसे महिन्याला जाहीर व्हायला हवेत. मग लागलेल्या शंभर रुपयांतले किती परत येतात, हे मुलाच्या वडिलांना घरबसल्या मुलासमोर मांडता येईल.